धावपट्टी संपण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आजचा विषय आहे विमानाचा. ‘आपल्याला काय करायचंय विमानाशी?’ असं कुणी म्हणेल. पण आता तसं राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा दुबईला कामाला आहे, कुणाची लेक बाळंतपणाला विमानानं येते, तर कुणी स्वतःच काशीला विमानानं जाऊन आली आहे. आणि विमानात बसलं की सगळ्यात जास्त धाकधूक होते ती उतरताना. चाकं जमिनीला लागली की आपण ‘सुटलो बाई’ म्हणतो. खरं तर तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं. टेकलेलं विमान धावपट्टी संपायच्या आत थांबवायचं असतं. ते जमलं नाही, तर विमान पट्टी सोडून पुढे जातं. असं का होतं आणि ते कुठे अडवता येतं, हे आज समजून घेऊ.

यासाठी एकच घटना नीट पाहू. ७ ऑगस्ट २०२०. कोरोनाचे दिवस. परदेशात अडकलेल्यांना घरी आणण्यासाठी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं येत होती. त्यातलंच एअर इंडिया एक्स्प्रेसचं एक विमान दुबईहून केरळातल्या कोळिकोडला येत होतं. आत १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी, म्हणजे १९० जीव. मुख्य वैमानिक होते कॅप्टन दीपक साठे. आपला मराठी माणूस, पूर्वी हवाई दलात विंग कमांडर, खूप अनुभवी. शेजारी वयानं बरेच लहान असलेले सहवैमानिक होते. संध्याकाळची वेळ, पाऊस चालू.

कोळिकोडचा विमानतळ टेकडीचा माथा सपाट करून केलेला आहे. याला टेबलटॉप म्हणतात. टेबलावर वाटी सरकवत नेली आणि हात थांबला नाही, तर वाटी खालीच पडणार. तशीच ही धावपट्टी. तिच्या टोकापलीकडे थोडी मोकळी जागा आणि मग उतार.

एकाच धावपट्टीला दोन टोकं असतात आणि दोन्हींना वेगळे क्रमांक असतात. हे क्रमांक दिशेवरून ठरतात. कोळिकोडची पट्टी एका बाजूनं २८, तर दुसऱ्या बाजूनं १० क्रमांकाची. त्या संध्याकाळी विमान आधी २८ च्या बाजूनं उतरायला आलं. पण मुख्य वैमानिकांच्या काचेवरचा वायपर बंद पडला. पट्टी नीट दिसेना, म्हणून विमान पुन्हा वर नेलं. हे अगदी बरोबर झालं. मग ते वळसा घालून १० च्या बाजूनं आलं. आणि इथे वारा उलटा पडला. तो आता समोरून येत नव्हता, पाठीमागून ढकलत होता.

आता थोडा हिशेब करू. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, कारण समोरचा वारा त्याला आयता ब्रेक लावतो. पाठचा वारा उलट करतो. चौकशी अहवालानुसार त्या वेळी पाठचा वारा सुमारे १४ नॉट, म्हणजे ताशी २६ किलोमीटर होता. त्यामुळे जमिनीवरचा वेग झाला १६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३०५ किलोमीटर. तोच वारा समोरून असता, तर हाच वेग २५४ च्या आसपास राहिला असता. फरक पन्नासचाच वाटतो. पण थांबवण्याचं काम वेगाच्या वर्गानं वाढतं. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर ब्रेकचं काम चौपट होतं. इथे ते जवळजवळ दीडपट झालं. एवढी ताकद जिरवायची होती ओल्या पट्टीवर. ओल्या फरशीवर पाय सरकतो ना, तसंच चाकाचं होतं. रबर आणि जमीन यांच्यात पाण्याचा थर आला की पकड सुटते.

तरीही विमान वेळेवर टेकलं असतं, तर बात वेगळी होती. धावपट्टीच्या सुरुवातीला जाड पांढरे पट्टे रंगवलेले असतात. साधारण पहिल्या ९०० मीटरांत चाकं टेकायला हवीत, असा दंडक आहे. कोळिकोडची पट्टी होती २,७०० मीटर. विमान टेकलं ते १,३५० मीटरांच्या पुढे. म्हणजे निम्मी पट्टी हवेतच संपली होती. त्या वेगानं एका सेकंदात ८५ मीटर मागे पडतात. पाच सेकंद विमान तरंगत राहिलं, तर सव्वाचारशे मीटर गेले. ते कुठलाच ब्रेक परत आणून देत नाही.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा. विमान अलगद टेकलं की आपण वैमानिकाला शाबासकी देतो आणि जरा आदळलं की नावं ठेवतो. पण पावसात, आखूड पट्टीवर विमान ठामपणे टेकवणंच योग्य असतं. त्यानं चाकांखालचं पाणी फुटतं, वजन चाकांवर येतं आणि ब्रेक धरतो. पंखांवरच्या उभ्या होणाऱ्या फळ्याही यासाठीच असतात. त्या विमानाला उचलणारा हवेचा आधार काढून घेतात. सोबत इंजिनाचा जोरही पुढच्या दिशेला वळवला जातो. तो मोठा घरघराट ऐकून घाबरू नका. विमान थांबवण्यासाठीच तो चाललेला असतो.

कोळिकोडला हे सगळे उपाय निम्म्या पट्टीत करावे लागले आणि ते पुरे पडले नाहीत. विमान पट्टीबाहेर पडलं तेव्हा त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर होता. मोकळी जागा ओलांडून, कुंपण तोडून ते सुमारे ११० फूट खाली कोसळलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. दोन्ही पंखांतून इंधन गळत होतं, पण आग लागली नाही. आजूबाजूच्या गावातले लोक पावसात, कोरोनाची भीती बाजूला ठेवून धावले आणि त्यांनी माणसं बाहेर काढली. तरी २१ जण गेले. दोन्ही वैमानिकही गेले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. हे अडवता आलं असतं का? विमानशास्त्रात याचं एक साधं उत्तर आहे आणि त्याला ‘गो अराउंड’ म्हणतात. म्हणजे उतरणं रद्द करायचं, इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा आणि पुन्हा वर जायचं. खाली येताना एका ठरावीक उंचीवर वेग, उतार, दिशा सगळं जागेवर हवं. नसेल तर परत वर. ठरलेल्या जागेत टेकणार नाही असं दिसलं, तरी परत वर. मग वळसा घालून पुन्हा यायचं, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर जायचं. ही वैमानिकाची नामुष्की नाही. तो नियमच आहे.

२०२१ मध्ये आलेल्या चौकशी अहवालात लिहिलं आहे, की सहवैमानिकांनी ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. चाकं टेकायच्या आधी म्हटलं होतं. त्याआधी त्यांनी अडखळत, आडून सुचवूनही पाहिलं होतं. पण विमान वर गेलं नाही. नियमानं अशा वेळी सहवैमानिकानं ताबा आपल्या हाती घ्यायचा असतो, तेही झालं नाही. अहवालानं एक कारण नोंदवलं आहे. दोन खुर्च्यांमध्ये अधिकाराचा उतार फार मोठा होता. एक ज्येष्ठ, मानाचा, हजारो तास उडवलेला, तर दुसरा तरुण. मोठ्यांच्या हातातून काही काढून घ्यायचं, ही गोष्ट जिभेवर येते पण हातापर्यंत पोहोचत नाही. मैत्रिणींनो, हे आपल्याला समजावून सांगायला नको. सासरी, कचेरीत, ग्रामसभेत आपण ते रोज पाहतो.

एकट्या माणसावर सगळा बोल लावणंही बरोबर नाही. त्याच वैमानिकांना दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच पुढचं उड्डाण करायचं होतं. त्या तळावर मुख्य वैमानिक पुरेसे नव्हते. म्हणून काहीही करून इथेच उतरायचं, असा ताण मनावर असावा, असं अहवाल सांगतो. म्हणजे कामाच्या वाटणीतली कमतरता अशी पावसातल्या एका निर्णयापर्यंत येऊन पोहोचते.

आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. त्याच्या दहा वर्षं आधी, २२ मे २०१० रोजी, मंगळूरला असंच झालं. तीच कंपनी, दुबईहून येणारं विमान आणि टेबलटॉप विमानतळ. तिथेही विमान पट्टीवर फार पुढे टेकलं. १६६ पैकी १५८ जण गेले. तिथेही सहवैमानिकांनी एकदा नाही, तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. दोन्ही वेळा धोका ओळखणारं माणूस त्या खोलीत हजर होतं. दोन्ही वेळा योग्य शब्द उच्चारला गेला. पण ऐकणं राहून गेलं.

म्हणूनच आता वैमानिकांच्या शिक्षणात बोलण्याचा आणि ऐकण्याचाही सराव असतो. धाकट्यानं स्पष्ट शब्दांत सांगायचं, न ऐकल्यास पुन्हा सांगायचं, तरीही नाही ऐकलं तर ताबा घ्यायचा. आणि थोरल्यानं तो अपमान मानायचा नाही. विमानतळांवरही काळजी घेतली जाते. पट्टीच्या टोकापलीकडे २४० मीटर मोकळी सुरक्षित जागा ठेवावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. काही देशांत टोकाला सहज चुरा होणाऱ्या काँक्रीटचा थर घालतात. विमान त्यात रुततं आणि थांबतं. सपाट जागी नुकसान कमी होतं. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं विमान पट्टी सोडून चिखलात रुतलं. जीवितहानी झाली नाही, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

आता तुम्ही प्रवाशी म्हणून काय करायचं, ते सांगते.

पहिलं, विमान उतरता उतरता एकदम वर गेलं तर ओरडू नका, कुरकुर करू नका. अर्धा तास उशीर होईल. पण कुणीतरी वेळेवर ‘नाही’ म्हटलं आणि ते ऐकलं गेलं, असा त्याचा अर्थ आहे.

दुसरं, पट्टा पूर्ण थांबेपर्यंत सोडू नका. तो पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. गरोदर बाईनं तर तो पोटाच्या खालूनच बांधावा.

तिसरं, बसल्याबरोबर दार कुठे आहे ते बघा आणि मध्ये किती रांगा आहेत त्या मोजा. धुरात दिसत नाही, तेव्हा हातानं खुर्च्या मोजत जाता येतं. दार मागेही असतं, हे विसरू नका.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर पडा म्हटलं की सामान सोडा. पर्स, लोणच्याची बरणी, दागिन्यांची पिशवी, सगळं. २००५ मध्ये कॅनडात टोरांटोला एअर फ्रान्सचं विमान पावसात पट्टी सोडून ओढ्याच्या घळीत गेलं आणि पेटलं. तरी आतले ३०९ च्या ३०९ जण जिवंत बाहेर आले. पण तिथेही काही जण बॅगा घेऊन निघाले होते. नवं विमान मंजूर करताना पाहतात, की निम्मी दारं बंद असली तरी सगळे ९० सेकंदांत बाहेर पडतील का. त्या हिशेबात कुणाच्याच बॅगेसाठी वेळ धरलेला नाही. तुम्ही बॅग काढायला थांबलात, तर तुमच्या मागचं माणूस अडकतं.

शेवटचं, केबिन क्रू सुरुवातीला हातवारे करून जे सांगतात ते ऐका. त्या मुली पाणी आणि खाणं द्यायला असतात, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तुम्हाला बाहेर काढणं हे त्यांचं मुख्य काम आहे. चहा-पाणी नंतरचं. त्या ओरडून सांगतील तेव्हा वय, मान, ओळख काही न बघता त्यांचं ऐकायचं.

पुढच्या वेळी मुलगा आखातातून फोन करून म्हणाला, ‘आई, विमान उतरता उतरता परत वर गेलं, तासभर उशीर झाला’, तर त्याला म्हणा, ‘बरं झालं बाबा. सावकाश ये.’