कळ वाजते कशी आणि कशासाठी?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या गावांतल्या कितीतरी घरांचा संसार टंकलेखनाच्या प्रमाणपत्रावर उभा राहिला. मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द, ही सरकारी लिपिकाच्या नोकरीची अट अनेकांना आजही तोंडपाठ असेल. जवळच्या विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय टंकयंत्र बाजारात आणले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबले. यंत्र गेले, पण त्याचा खडखडाट हवासा वाटणारे लोक राहिले. त्यांच्यासाठी, आणि घरून काम करणाऱ्या तरुणांसाठीही, आता 'वाजणाऱ्या कळां'चे कीबोर्ड मिळतात. ते घ्यावेत का, आणि घ्यायचे तर कोणते?

आधी साधा कीबोर्ड पाहू. त्यात कळांखाली रबराची घुमटी असते. कळ जवळजवळ तळाला टेकेपर्यंत अक्षर उमटत नाही. मेकॅनिकल कीबोर्डात मात्र प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र खटका असतो. हा खटका साधारण चार मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर अर्ध्या वाटेवर, दोन मिलिमीटरच्या आसपासच उमटते. 'झाले काम, आता बोट उचला' एवढेच तो 'टक्' आवाज आपल्याला सांगत असतो.

हा आवाज काढण्याच्या तीन प्रमुख तऱ्हा आहेत. पहिली आयबीएमची. त्यांच्या १९८५ च्या 'मॉडेल एम' कीबोर्डात दाबता दाबता स्प्रिंगच कुशीला वाकते आणि नळीच्या भिंतीवर आपटते. त्याच झटक्यात खालचा छोटा हातोडा अक्षर नोंदवतो. आवाज आणि अक्षर एकाच क्षणी! टंकयंत्रावर हात बसलेल्यांना ही तऱ्हा सर्वांत आपली वाटते. मात्र हे कीबोर्ड मोठे, जड आणि महाग.

दुसरी तऱ्हा जर्मनीच्या चेरी कंपनीच्या निळ्या खटक्याची. त्याच्या दांड्यावर एक सुटा तुकडा असतो. तो अडतो आणि मग एकदम खाली उडी मारतो, तोच 'टक्'. हा खटका हलका आहे आणि त्याच्या नकला स्वस्त कीबोर्डांतही सर्रास सापडतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेच अक्षर पुन्हा हवे असेल, तर कळ जिथे वाजली त्याच्याही वर येऊ द्यावी लागते. भराभर तेच अक्षर दाबणाऱ्याला हे जाणवते.

तिसरी तऱ्हा चीनच्या कैल कंपनीच्या 'बॉक्स' खटक्यांची. यात एक बारीक तार छेडली जाते. त्यांच्या 'जेड' आणि 'नेव्ही' या प्रकारांत तार जाड असते. त्यामुळे आवाज खणखणीत येतो, आणि तोही जाताना व येताना असा दोन्ही वेळा. 'जेड'ची स्प्रिंग हलकी, 'नेव्ही'ची जड. विद्युत जोडणीभोवती बंदिस्त डबी असल्याने धूळ आणि ओल यांपासून चांगले संरक्षण मिळते. आपल्याकडचा पावसाळा आणि रस्त्यांची धूळ पाहता हा गुण कमी मोलाचा नाही.

मराठी टंकलेखन करणाऱ्याने आणखी एक विचार करावा. इनस्क्रिप्ट मांडणीत ख, थ, फ ही अक्षरे क, त, प यांच्याच कळांवर शिफ्ट दाबून येतात. म्हणजे करंगळीला काम जास्त. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याने जड स्प्रिंग घेऊन करंगळीला शिणवू नये.

आता शेजाऱ्यांचे काय? वन रूम किचनमध्ये एक जण रात्री अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो आणि चार हातांवर मूल झोपलेले असते. अशा घरात यांतला एकही खटका नको. कळीखाली रबरी कडी घालून तळाला आपटण्याचा आवाज कमी होतो, 'टक्' मात्र कमी होत नाही, कारण तो खटक्याच्या पोटातून येतो. अशांनी चेरीच्या तपकिरी जातीचा खटका पाहावा. तो बोटाला हलका उंचवटा जाणवून देतो, पण वाजत नाही.

आणि खटके उपसून बदलता येतील असाच कीबोर्ड शक्यतो घ्यावा. आवड बदलली किंवा घरात पाळणा हलला, तर फक्त खटके बदलायचे, कीबोर्ड तोच.

शेवटी, वेग आवाजाने येत नाही, सरावाने येतो. पण कळ पूर्ण न आपटता, 'टक्' होताच बोट उचलायची सवय लागली, तर बोटांचे श्रम नक्कीच वाचतात. घरच्यांची झोप सांभाळून ती सवय लावता आली, तर कळ वाजल्याचे चीज झाले.