फिश टँक घ्यायचा तर कोणते मासे एकत्र ठेवावेत?

पावसाळा आला की मढ, मार्वे, मालवणी या पट्ट्यातल्या वस्त्यांत ताप, डेंग्यू, मलेरिया हे शब्द रोज कानावर पडतात. त्याच वेळी गप्पी माशांचेही नाव निघते, कारण मुंबई महापालिकेचा कीटकनाशक विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी व मोठ्या टाक्यांत हे मासे सोडतो. मुलांना मात्र मासे हवे असतात ते घरातल्या काचेच्या टँकमध्ये. हौस चांगली आहे आणि फार खर्चाचीही नाही. पण दुकानात दिसतील ते रंगीत मासे एका टँकमध्ये टाकले, तर आठवड्याभरात निम्मे मरतात. मासे मेले की टँक कोपऱ्यात पडतो, त्यात पाणी साचते आणि तिथेच डासांची पैदास होते. म्हणून घेण्याआधी थोडी माहिती हवी.

टँक केवढा?

आपल्या १० बाय १२ च्या खोलीत दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टँक पुरतो. त्यात साधारण ४५ लिटर पाणी राहते. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन ५५ ते ६० किलोच्या घरात जाते. त्यामुळे तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर किंवा कमकुवत फळीवर ठेवू नये. गोल काचेचे भांडे स्वस्त मिळते, पण त्यात पाणी कमी व हवा कमी, म्हणून मासे फार दिवस टिकत नाहीत. पत्र्याच्या घरात टँक छपराजवळ किंवा उन्हात नको, कारण पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो.

कोणाचे कोणाशी जमते?

मासे निवडताना चार गोष्टी पाहाव्यात: मोठा झाल्यावर आकार किती, स्वभाव कसा, पाणी कसे लागते आणि एकटा राहतो की थव्याने. दुकानातला मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो, म्हणून 'हा पुढे केवढा होतो?' हे विचारावेच.

जमणारे मासे: गप्पी, प्लॅटी आणि झेब्रा. झेब्रा हा मूळचा आपल्याच देशातला मासा. तो चपळ व काटक असतो, पण थव्यात राहतो, म्हणून पाच-सहा तरी घ्यावेत. गप्पीची मादी साधारण दर महिन्याला २० ते ५० पिल्ले देते. पिल्लांनी टँक भरू नये असे वाटत असेल, तर फक्त नर घ्यावेत. रंगीत, मोठ्या शेपटीचा तो नर. नर-मादी दोन्ही घेतल्यास एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीचा सतत पाठलाग करून तिला थकवतो. ४५ लिटरच्या टँकला पाच नर गप्पी आणि पाच झेब्रा हा सुरुवातीचा चांगला मेळ आहे.

न जमणारे मासे: गोल्डफिश सर्वांना आवडतो, पण तो वीतभर वाढतो, पाणी खूप घाण करतो आणि तोंडात मावणारे लहान मासे गिळतो. फायटरचे दोन नर एकत्र ठेवले तर मरेपर्यंत झुंजतात. एकटा नरही गप्पीची लांब शेपटी पाहून तिच्यावर तुटून पडतो. टायगर बार्ब इतरांचे पर कुरतडतो. एंजल लहानपणी शांत दिसतो, मोठा झाल्यावर लहान मासे खातो. 'काच साफ करतो' म्हणून विकला जाणारा सकर फुटाहून मोठा होतो. ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न हे तर शिकारीच. निऑन टेट्रा भांडत नाही, पण नाजूक आहे. नव्या टँकमध्ये तो टिकत नाही.

नवा टँक, नवे पाणी

मढच्या खाडीचे किंवा समुद्राचे पाणी या माशांना चालत नाही, ते गोड्या पाण्यातले आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे, वर मच्छरदाणीचे किंवा पातळ कापड बांधावे आणि मग वापरावे.

माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे उपयोगी जिवाणू त्याचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात, पण ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला तीन-चारच मासे सोडावेत, बाकीचे हळूहळू. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे एकदम कधीच नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे ते जिवाणू मरत नाहीत. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

घराच्या आरोग्यासाठी

टँकमध्ये हात घालण्याआधी फिल्टर व दिव्याचे बटण बंद करावे. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नये. नंतर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांकडून विशेष लक्ष देऊन धुवून घ्यावेत. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. ते पाणी भांडी घासण्याच्या मोरीत न ओतता झाडांना घालावे. टँकच्या पाण्यातला एक जंतू, जो क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला आहे, जखमेतून शिरून हातावर गाठ आणू शकतो. अशी गाठ काही आठवडे बरी होत नसेल, तर डॉक्टरांना घरात टँक असल्याचे सांगावे.

गप्पी डासांच्या अळ्या खातो हे खरे, पण घरातल्या टँकमधला गप्पी शेजारच्या ड्रममधल्या अळ्या खाणार नाही. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून पाण्याची पिंपे घट्ट झाकावीत आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासावीत. ही अंडी कोरड्या भांड्याला चिकटून कित्येक महिने तग धरतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. ताप आला तर महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.

टँक नकोसा झाला, तर मासे विहिरीत, तलावात किंवा नाल्यात सोडू नयेत. तिथल्या मूळ माशांचे खाणे व जागा हे परके मासे बळकावतात. दुकानदाराला परत द्यावेत किंवा सांभाळणाऱ्या घरी द्यावेत. रिकामा टँक पुसून पालथा ठेवावा.

'मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने घेतले' असे अनेक दुकानांत सांगितले जाते. तसे काही नसते. मासा मरतो तो घाण पाण्याने, गर्दीने किंवा चुकीच्या सोबत्यामुळे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांच्या लालनपालनाची आहे. चार मासे कमी घ्यावेत, पण जमणारे घ्यावेत आणि रविवारी पाणी बदलण्याचे काम मुलांकडे सोपवावे. मोठ्या माणसाने शेजारी उभे राहावे आणि त्याच दिवशी घरातली पिंपेही घासून घ्यावीत.