हरणामागचे शतक : हौशी शिकारीचा मागोवा

सांबर, चितळ, भेकर, काळवीट यांची हौसेखातर शिकार करणारा माणूस महाराष्ट्रात आणि लगतच्या मध्य प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळकपणे दिसू लागला आणि १९९१ साली कायद्यानेच नाहीसा झाला. त्याआधी हरणामागे जाणारे लोक दोन प्रकारचे होते. एक राजे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मृगयेला राजाच्या करमणुकींत स्थान आहे, आणि कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा खेळ विसाव्या शतकातही चालू होता. दुसरे, पोटासाठी शिकार करणारे. फासेपारधी आपल्या फाशांत हरणे धरत. डोंगराळ भागांतल्या आदिवासींची सामुदायिक पारध ठरलेल्या सणांना निघे. हौशी शिकाऱ्याजवळ राजाचा लवाजमा नव्हता आणि पारध्याचे पिढीजात ज्ञानही नव्हते. त्याच्याजवळ एक बंदूक होती, तिचा परवाना होता आणि थोडीशी रजा होती.

हा परवाना १८७८ च्या शस्त्र कायद्याने आवश्यक झाला. त्यामुळे हौशी शिकारी बहुधा त्याच थरातून आला ज्याला सरकारदरबारी परवाना मिळे: इंग्रज अधिकारी, वकील, डॉक्टर, मामलेदार, मालगुजार, इनामदार, वनखात्यातली आणि रेल्वेतली माणसे. खेड्यातल्या जुन्या शिकाऱ्याकडे ठासणीची बंदूक असे. एक बार उडाला की पुन्हा दारू ठासेपर्यंत हरीण दिसेनासे होई. शहरातल्या हौशी माणसाकडे बारा बोअरची दुनळी असे, ऐपतदारांकडे रायफल. दुनळीतून मोठ्या छऱ्यांची, म्हणजे एल.जी.ची काडतुसे झाडली तर पस्तीस-चाळीस पावलांपलीकडे त्यांचा भरवसा नसे. सांबरासारख्या दोनशे किलोंहून जड होणाऱ्या नराच्या इतक्या जवळ पोचायचे तर जंगलाशी झटावेच लागे. हौशी शिकाऱ्याच्या निराशेचे मूळ या पस्तीस-चाळीस पावलांत होते आणि त्याला जे काही मिळाले त्याचेही.

कुठे आणि काय मारायचे यावर बंधने हळूहळू आली. राखीव जंगलांत वनखात्याचे नियम लागू झाले. मध्य प्रांतात जंगलांचे शिकारीसाठी गट पाडलेले असत. विभागीय वनाधिकाऱ्याकडे फी भरून ठरावीक मुदतीसाठी गट मिळे आणि परवान्यावर कोणते जनावर किती, हे लिहिलेले असे. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने हरणांसह अनेक जनावरांसाठी बंद हंगाम ठरवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मादी मारायची नाही, पाडस मारायचे नाही, शिंगांवर मखमल असलेला नर मारायचा नाही, हे नियम या काळात रुजले.

मखमलीचा नियम हौशी शिकाऱ्याला सगळ्यात जाचक वाटे, आणि त्यामागे निसर्गाचे वेळापत्रक होते. सांबर, चितळ, भेकर या मृगकुळातल्या नरांची शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. उगवताना ती रक्तवाहिन्यांनी भरलेल्या लवदार कातडीने झाकलेली असतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा हे कुरंग असल्याने त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. मध्य भारतात सांबराची शिंगे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि पावसाळा सरल्यावर पक्की होतात. नोकरदाराला सुट्टी मिळे ती दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. दिवाळीत सांबराची शिंगे पक्की, पण गवत पुरुषभर उंच. दहा पावलांवरचे जनावर दिसत नसे. मे महिन्यात पानगळ होऊन, वणव्याने गवत जळून जंगल उघडे पडलेले, जनावरे उरलेल्या पाणवठ्यांभोवती गोळा झालेली, पण तेव्हा सांबराच्या डोक्यावर शिंगेच नसत, किंवा असली तर मखमलीतली. चितळाचे बहुतेक नर उन्हाळ्यात पक्क्या शिंगांचे असतात, म्हणून मे महिन्यातली शिकार चितळाची ठरे. परवाना सांबराचा, रजा उन्हाळ्यातली, असे झाले की सगळी खटपट वाया जाई.

शिकारीच्या मुख्य रीती दोन. हाक्यात गावचे लोक डबे वाजवत, आरोळ्या देत जनावरे एका बाजूला हाकत आणि बंदूकवाले वाटा धरून बसत. हाक्याला माणसे लागत, मजुरी लागे, आणि हाकेवाल्यांच्या दिशेने बार काढला तर माणूस जखमी होण्याचा धोका असे. शिवाय हाक्यात नर-मादी एकत्र धावत येत. मागच्या झाडीत शिंगे आहेत की फांद्या, हे क्षणात ठरवावे लागे. दुसरी रीत म्हणजे एक वाटाड्या सोबत घेऊन पायी माग काढणे. हाक्यापेक्षा ही कितीतरी वरच्या दर्जाची शिकार, असे जाणते शिकारी मानत आणि ते बरोबरच होते, कारण हाक्यात जंगलाची सारी जाण हाकेवाल्यांची असते, बंदूकवाल्याला फक्त नेम धरायचा असतो.

पायी माग काढताना पहिला अडथळा वाऱ्याचा. हरीण स्थिर उभ्या माणसाला अनेकदा ओळखत नाही, पण त्याचा वास दुरून घेते. पहाटेची थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन तापले की ती वर चढू लागते. पहाटे खालून वर जाणारा शिकारी बरोबर असतो. नऊ वाजता त्याच वाटेने जाणारा आपला वास पुढे पाठवत असतो. ज्याला हे ठाऊक नव्हते त्याला जंगल रिकामे आहे असेच वाटे. दुसरा अडथळा पायाखालचा. सागाचे वाळलेले पान इतके मोठे आणि कडक असते की त्यावर पडलेले पाऊल पूर्ण दरीत ऐकू जाते. तिसरा अडथळा इतर जनावरांचा. वानरांची खकर, भेकराचे थांबून थांबून भुंकणे, सांबराचा घुमणारा ढाँक, चितळाची तीक्ष्ण शीळ, यातली एक हाक उठली की आसपासच्या सगळ्या कळपांना वर्दी मिळते. वाघासाठी असलेली ही व्यवस्था माणसालाही तितकीच लागू पडते.

दख्खनच्या उघड्या माळावर, अहमदनगर-सोलापूरकडे, अडचण उलटी होती. तिथे काळवीट दोन मैलांवरून दिसे आणि त्यालाही शिकारी दिसे. माळावरच्या लोकांनी यावर तोड काढली होती: काळवीट बैलगाड्यांना सरावलेले असत, म्हणून गाडीच्या आडोशाने, तिच्या चालीने, सरळ कळपाकडे न जाता वळसा घालत चालायचे आणि टप्प्यात आल्यावर गाडी न थांबवता खाली बसायचे. गाडी थांबली की कळप उधळे. या रीतीतही सकाळ जाई आणि बहुतेक वेळा बार काढण्याची वेळच येत नसे.

बार चुकला तर दुःख थोडे. अर्धवट लागला तर मोठे. हौशी शिकाऱ्याचा सराव कमी, जनावर समोर आले की हात कापत, उतारावरून खाली झाडताना गोळी वर जाई. खांद्यामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात लागलेली गोळी जनावराला लवकर पाडते. पोटात लागली तर तेच जनावर मैलोगणती जाते. जमिनीवरचे रक्त यातला फरक सांगे. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचे. काळपट, चघळलेल्या चाऱ्याचा अंश मिसळलेले रक्त पोटाचे. अशा वेळी लगेच धावायचे नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचे, म्हणजे जनावर बसते आणि ताठरते, हा अनुभवी वाटाड्याचा दंडक. नवशिक्याला ते थांबणे जमत नसे. तो मागे धावे आणि उठवलेले जनावर हद्दीबाहेर जाऊन कोळसून्यांच्या किंवा तरसांच्या तोंडी पडे. जखमी जनावराचा शेवटपर्यंत माग घेणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य मानले जाई. ते पाळणारे होते तसे टाळणारेही होते, आणि दुसऱ्यांची संख्या कमी नसावी.

इथे गोंड, कोरकू, कोलाम, बैगा वाटाड्यांचा उल्लेख हवाच. वाळलेल्या गवताची एक वाकलेली काडी, खुराने उलटलेला दगड, लेंड्यांचा ओलावा, झाडाच्या सालीवर शिंगे घासल्याची खूण यांवरून जनावर कोणते, कोणत्या वेळी गेले, नर की मादी, हे त्यांना सांगता येई. शिकारीच्या पुस्तकांत त्यांची नावे क्वचित येतात. भिंतीवर लागलेल्या पुष्कळशा शिंगांचे खरे धनी मात्र तेच होते.

मिळकत काय होती? मांस गावात वाटले जाई. हाकेवाल्यांचे आणि वाटाड्याचे वाटे ठरलेले असत, आणि उन्हाळ्यात ते लवकर वाटावेच लागत. सांबराचे कातडे मऊ म्हणून पायताणांसाठी वापरात होते. शिंगांना मान होता. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ पासून मोठ्या शिंगांच्या नोंदींचे पुस्तक काढले. सांबराच्या शिंगाची बाहेरच्या वळणावरून चाळीस इंच लांबी भरली की शिकाऱ्याचे नाव होई. इंचांचा हा सोस या छंदाचा सर्वांत पोकळ भाग होता. त्यातून एकच गोष्ट चांगली निघाली: म्हाताऱ्या नराचा शोध घेणारा शिकारी बाकीचे कळप सोडून देई.

खरी मिळकत रिकाम्या हातांनी परतताना होई. जनावर मिळाले की शिकार संपे, न मिळाले की पाहणे चालू राही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या पाहण्याला कागदावर जागा दिली. १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकात शिकाऱ्यांनी पाठवलेल्या टिपणांचा मोठा वाटा आहे. सांबर दरवर्षी शिंगे गाळते की काही नर ती वर्षानुवर्षे ठेवतात, हा त्या काळी खरोखरच वादाचा विषय होता, आणि तो सुटला तो जंगलात वारंवार जाणाऱ्यांच्या नोंदींनी. मध्य प्रांतातले वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ हे १९२३ चे पुस्तक शिकाऱ्याने लिहिलेले आहे, पण त्यातली सांबर, चितळ, बारशिंगा यांच्यावरची प्रकरणे निसर्ग-अभ्यासकाची आहेत. जॉर्ज शॅलर यांनी कान्हात हरणांचा शास्त्रीय अभ्यास करून १९६७ साली ‘द डीअर अँड द टायगर’ प्रसिद्ध केले, तेव्हा मध्य भारतातल्या हरणांविषयी मागे पाहण्याजोगा जो मजकूर होता त्यात ब्रँडरचे पुस्तक अग्रभागी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. सैन्याच्या विक्रीला निघालेल्या जीपगाड्या खाजगी हातांत आल्या. पाठोपाठ बॅटरीवरचे झगझगीत दिवे आले. स्वातंत्र्यानंतर पीकरक्षणासाठी बंदुकीचे परवाने सढळ हाताने दिले गेले. प्रकाशझोतात हरीण डोळे दिपून जागीच उभे राहते. वारा, पाचोळा, वानरांची खकर यांचा आता काही संबंध उरला नाही; रस्त्यावरून गाडी फिरवायची आणि चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढायचा. डोळ्यांच्या चमकेवरून नर-मादी कळत नाही, पाडसही कळत नाही. माळावरचे काळवीट तर दिवसाही सुटले नाही. बैलगाडीच्या आडोशाला सकाळ घालवणाऱ्या माणसाच्या जागी कळपाचा पाठलाग करणारी जीप आली आणि दख्खनच्या माळांवरचे मोठाले कळप एका पिढीत विरळ झाले. हरणाला तोवर कायद्याने जितके राखले होते त्याहून अधिक शिकारीतल्या कष्टांनी राखले होते, हे या वीस वर्षांत उघड झाले. शिकाऱ्याचीही यात हानी झाली. रात्री गाडीतून मारलेल्या चितळाविषयी लिहिण्यासारखे काही नसते, आणि त्या काळातल्या अशा शिकारीतून हरणाच्या ज्ञानात काही भर पडल्याचे दिसत नाही. बंदूक हे एकच कारण नव्हते: माळ नांगराखाली गेले, जंगले तुटली. कान्हातल्या बारशिंग्यांची संख्या १९३८ मध्ये सुमारे तीन हजार होती, ती १९७० पर्यंत ६६ वर आली, त्यात अधिवास बिघडल्याचाही भाग होता.

संरक्षणाची पावले आधीच पडू लागली होती. ताडोब्यात १९३५ साली शिकारबंदी झाली आणि १९५५ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. कोल्हापूरच्या राजांचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झाले. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, केंद्रात १९५२ साली वन्यजीव मंडळ आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घालून त्याची शिकार बंद केली, पण इतर काही जनावरांसाठी परवान्याची तरतूद ठेवली. त्या कायद्यातल्या अटी हौशी शिकाऱ्यांच्या जुन्या संकेतांशी विलक्षण जुळतात: वाहनातून शिकार नको, रात्री नको, दिव्याने नको, पाणवठ्यावर किंवा मिठाच्या चाटणावर नको, मादी, पाडस आणि मखमलीतला नर नको. जे जाणते शिकारी आपखुशीने पाळत होते ते कायद्यात उतरले तेव्हा ते पाळण्याजोगी हरणे थोडी राहिली होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ही वाटही बंद केली.

तोवर अनेकांनी स्वतःहून बंदूक खाली ठेवली होती. मराठीत याचे ठळक उदाहरण व्यंकटेश माडगूळकरांचे; एकेकाळचा हा शिकारी पुढे वही आणि पेन्सिल घेऊन रानात राहू लागला, आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक त्या राहण्यातून आले. माळावर उरलेल्या काळविटांनाही थोडी जागा मिळाली: अहमदनगर जिल्ह्यात रेहेकुरीला १९८० साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाले, ते जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे.

आज पिकांची नासधूस करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी कायद्याच्या अकराव्या कलमाखाली मिळू शकते, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने. हौसेला तिथे वाव नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. शिकाऱ्याच्या कसबांपैकी काही वनखात्याच्या कामात टिकून आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत नागरिक पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून येणाऱ्या जनावरांची नोंद करतात. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत वनरक्षक ठरलेल्या रेषेवरून पहाटे चालत हरणे मोजतात आणि आखलेल्या तुकड्यांतल्या लेंड्या तपासून सांबर, चितळ, नीलगाय यांची उपस्थिती लिहून घेतात. वाघाला पुरेसे भक्ष्य कुठे आहे याचा अंदाज या आकड्यांवरून बांधला जातो.