अंधाराचं भांडवल

ऐन मे महिन्यात बेडरूमची खिडकी बंद करून तिच्यावर काळा कार्डपेपर चिकटवायचा, ही कल्पना कुठल्याही घरात सहज पटणारी नाही. आमच्याही घरात पटली नाही. पण फोटोग्राफी शिकणारी भाची सुट्टीला आली होती, तिला कॉलेजात ‘प्रकाश’ या विषयावर दहा फोटो द्यायचे होते आणि आमची बेडरूम तिला पसंत पडली होती. खिडकी पश्चिमेची, म्हणजे सकाळी समोरच्या इमारतीवर थेट ऊन. आणि खिडकीसमोरची आतली भिंत कोरी पांढरी. चिकटपट्टीची दोन रिळं संपवून तिने खोलीत मिट्ट काळोख केला आणि कागदाच्या मधोमध करंगळीचं टोक जाईल एवढं, साधारण एक सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडलं.

पहिली दोन मिनिटं काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि भिंतीवर समोरची इमारत उलटी लटकलेली दिसू लागली. वाळत घातलेल्या साड्या खालून वर झुलत होत्या, रस्ता छताजवळ गेला होता आणि त्या रस्त्यावरून एक रिक्षा चाकं वर करून निघाली होती. आकाश आमच्या गादीशेजारी उतरलं होतं.

प्रकाश सरळ रेषेत जातो, एवढ्या एका गोष्टीची ही करामत. इमारतीच्या गच्चीवरून निघालेला किरण भोकातून आत येताना खाली उतरत येतो, रस्त्यावरून निघालेला वर चढत येतो. भोक लहान असल्यामुळे समोरच्या प्रत्येक बिंदूला भिंतीवर जवळपास एकच जागा मिळते आणि चित्र तयार होतं. भिंग नाही, बॅटरी नाही.

हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलंही असतं. कौलारू घरात जमिनीवर पडणारे कवडसे आठवा. कौलांमधली फट तिकोनी असो की वेडीवाकडी, कवडसा मात्र गोल किंवा लंबगोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसतोच. ते सूर्याचं चित्र असतं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आपल्याकडे सकाळी सूर्याची कोर झाली, तेव्हा झाडाखाली ऊन झिरपत होतं तिथे जमिनीवर पुष्कळ कोरी एकदम उमटल्या. अकराव्या शतकात कैरोमध्ये राहणाऱ्या इब्न अल्-हैथम या विद्वानाने ग्रहणातल्या सूर्याचं असंच भोकातून पडणारं चित्र अभ्यासलं होतं. कवडशाने मापही घेता येतं. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट दूर आहे. म्हणून कवडशाच्या व्यासाला (लंबगोल असेल तर आखूड व्यासाला) जपमाळेतल्या मण्यांच्या संख्येने गुणलं की उन्हाच्या तिरिपेच्या वाटेने फट किती दूर आहे ते कळतं. तीन सेंटिमीटरचा कवडसा असेल तर फट सव्वातीन मीटरवर.

भाचीने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, आयएसओ ८०० ठेवला आणि अर्ध्या मिनिटासाठी शटर उघडलं. नेमक्या त्याच वेळी मामीला पलीकडच्या कपाटातले कपडे हवे झाले. ती भिंतीपुढून गेली आणि कपडे घेऊन परत आली. फोटो पाहिला, तर डोळ्यांना जे पुसट वाटत होतं त्याचे रंग ठळक आले होते. साडीचा लाल वेगळा, इमारतीचा विटकरी वेगळा. मामी मात्र फोटोत नव्हती.

“अगं, मी दोनदा गेले ना समोरून!”

“गेलीस मामी, पण थांबली नाहीस.”

या एका वाक्यात कॅमेऱ्याचं सगळं गणित आहे. कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असे, आता पोस्टाच्या तिकिटाएवढा सिलिकॉनचा सेन्सर असतो आणि त्यावर कोट्यवधी सूक्ष्म खाने असतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ओळीने भांडी मांडावीत, तसे. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, खान्यात पडला की सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन सुटा होऊ शकतो. शटर उघडं असेपर्यंत असे इलेक्ट्रॉन साठत राहतात. शटर मिटलं की प्रत्येक खान्यात किती साठले ते मोजलं जातं, आणि तो हिशेब म्हणजेच फोटो. प्रकाश असा सुट्या पुड्यांनी येतो असं मानलं की त्याने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा उलगडा होतो, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवलं. १९२१ चं नोबेल त्याला प्रामुख्याने त्याबद्दलच मिळालं.

भांड्याला दोन गोष्टी जमत नाहीत. कोणता थेंब आधी पडला आणि कोणता मागून, हे त्याला सांगता येत नाही. त्याच्याकडे फक्त बेरीज असते. आणि एकदा पडलेला थेंब त्याला परत देता येत नाही. मामी एकेका जागेसमोर अर्धा-एक सेकंद होती. तेवढ्यापुरते त्या भांड्यांवरचे थेंब अडले, पण उरलेले एकोणतीस सेकंद धार चालूच होती. तिच्या अंगावरून उडालेला प्रकाश जवळपास शून्य, कारण खोलीत अंधार. बेरजेत ती कुठे दिसणार?

आपला डोळा असं साठवत नाही. तो सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरतं जमवतो आणि पाटी पुसून पुढे जातो. चालत्या जगात जगायचं तर ते बरोबरच आहे. कॅमेऱ्याला मात्र वाट पाहण्याचा कंटाळा नाही. डोळ्यांना न दिसणारे तारे त्याला दिसतात ते त्यामुळेच.

यातूनच भाचीच्या पुढच्या रात्रींचा कार्यक्रम ठरला. भर उन्हात सेन्सरची भांडी सेकंदाच्या शंभराव्या भागात भरतात; त्यानंतर प्रकाश येऊ दिला तर ती ओसंडतात आणि फोटो पांढराफट्ट पडतो. तिथे काही रचायला सवडच नसते. अंधारात भांडी रिकामी असतात, शटर मिनिटभर उघडं ठेवता येतं, आणि त्यात कुठे, केव्हा, किती प्रकाश टाकायचा ते आपल्या हाती राहतं. अंधार हे या कलेचं भांडवल.

गच्चीवर काळे कपडे घालून, हातात छोटी विजेरी घेऊन तिने हवेत मोर काढला. फोटोत मोर आला, ती आली नाही. पॅरिसमध्ये १८८९ मध्ये एत्येन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमेनी यांनी माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्याच्या चालण्याच्या रेघा फोटोत पकडल्या होत्या. त्यांना कला करायची नव्हती, चाल समजून घ्यायची होती. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या बोटांना दिवे बांधले. कामात हात कुठे विनाकारण भटकतो, हे त्यांना पाहायचं होतं. पण बेरजेची अडचण आली: रेघ दिसे, वेळ कळत नसे. त्यावर त्यांनी दिवा ठरावीक गतीने लुकलुकता केला. आता रेघेचे तुकडे पडले आणि तुकडे मोजले की किती वेळ लागला ते कळू लागलं.

हा प्रयोग घरात आपोआप होतो. दिवाळीची जुनी माळ गॅलरीत लावून भाचीने सेकंदाच्या दहाव्या भागाचं शटर ठेवलं आणि फोटो काढतानाच कॅमेरा झटक्यात बाजूला फिरवला. प्रत्येक दिव्याची रेघ तुटक आली, आणि एकेका रेघेत तुकडे दहा. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखर गाठतो. म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाच्या दहाव्या भागात दहा. वीज अर्ध्याच आवर्तनात घेणारी माळ असती, तर तुकडे पाच आले असते. विजेरीची रेघ मात्र सलग आली, कारण ती बॅटरीवर चालते.

प्रकाशाने चित्र काढण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९४९ मधला. ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार गियोन मिली दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी पिकासोला भेटायला गेला. पायात दिवे बांधून बर्फावर उड्या मारणाऱ्या स्केटरांचे आपले फोटो त्याने दाखवले, आणि पिकासोने अंधाऱ्या खोलीत छोटा दिवा घेऊन हवेत चित्रं काढायला सुरुवात केली. काही फोटोंमध्ये रेघांमागे खुद्द पिकासोही स्पष्ट दिसतो. मामी गायब झाली तसा तो झाला नाही, कारण मिलीने शटर उघडं असताना एकदा फ्लॅशही उडवला. फ्लॅशने क्षणात चित्रकार टिपला, उघड्या शटरने सावकाश चित्र.

मिली मूळचा अल्बेनियाचा, अमेरिकेत एमआयटीमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकलेला. त्याच संस्थेतल्या हॅरल्ड एजर्टन यांच्या फ्लॅशचं तंत्र त्याने वापरलं. एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाने उडणारा मुकुट टिपला; त्याचा १९५७ चा रंगीत फोटो पुष्कळांनी पाहिलेला असतो. भाचीलाही तोच हवा होता. ताटलीत दुधाचा पातळ थर, वर चाळीस सेंटिमीटरवर ड्रॉपर.

चाळीस सेंटिमीटर पडल्यावर थेंबाचा वेग सेकंदाला २.८ मीटर होतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाचं ठेवलं, तरी तेवढ्यात थेंब जवळपास तीन मिलिमीटर सरकतो. मुकुटाच्या जागी पांढरा फराटा येतो. पण कॅमेऱ्यावर चढवायच्या फ्लॅशची ताकद सर्वांत कमी केली, की त्याची चमक सेकंदाच्या वीस हजाराव्या भागापेक्षाही लहान होऊ शकते. तेवढ्यात थेंब सरकतो ०.१४ मिलिमीटर, केसाच्या जाडीहून थोडाच जास्त. म्हणून स्वयंपाकघर काळोखं करून शटर दोन सेकंद खुशाल उघडं ठेवायचं आणि थेंब पडताच फ्लॅश उडवायचा. उरलेल्या वेळात बेरजेत भर पडतच नाही. वेग पकडायचं काम शटरकडून दिव्याकडे गेलं, आणि ते अंधारामुळे गेलं. सत्तरेक थेंबांनंतर एक मुकुट आला, तोही एका बाजूने फुटलेला. दूध किती गेलं, ते मामीला सांगितलेलं नाही.

यानंतर तिने उलट टोक गाठलं: जे इतकं सावकाश चालतं की दिसतच नाही, ते दाखवायचं. विषय होता मटकीला येणारे मोड. रात्रभर भिजवलेली मटकी ओल्या कापसावर ठेवून दर पाच मिनिटांनी एक फोटो, चोवीस तासांत २८८ फोटो. सेकंदाला २४ च्या गतीने दाखवले की बारा सेकंदांत मोड बाहेर पडतात. पहिला प्रयत्न मात्र फसला. खिडकीतलं ऊन कमी-जास्त होत होतं, त्यामुळे चित्र सारखं उघडमीट करत होतं. दुसऱ्या वेळी मटकीवर खोकं उपडं घातलं, कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं आणि आत एकच छोटा दिवा लावला. पुन्हा आधी अंधार, मग मोजून प्रकाश.

हा प्रयोग आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि करणाराही छायाचित्रणाचा विद्यार्थीच. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण त्यांनी तिथेच आत्मसात केलं. १९१२ मध्ये लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच राजा-राण्यांची कथा घेतली नाही. कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा ठेवला आणि दिवसांमागून दिवस थांबून थांबून चित्रं घेतली. ‘अंकुराची वाढ’ हा छोटासा चित्रपट पाहून लोकांचा त्यांच्या तंत्रावर विश्वास बसला आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करणं शक्य झालं. भारतीय कथापटाच्या आधी वाटाण्याच्या वेलाने हजेरी लावलेली आहे.

सुट्टी संपली. जायच्या दिवशी भाचीने खिडकीवरचा काळा कागद काढला, उजेड भसकन आत आला आणि भिंतीवरची इमारत नाहीशी झाली. मी म्हटलं, “गेलं चित्र.”

“मामा, गेलं नाही. तिथेच आहे.”

तिचं म्हणणं खरं होतं. उघडी खिडकी म्हणजे अशी हजारो भोकं एकमेकांना खेटून. प्रत्येक भोक भिंतीवर समोरच्या इमारतीचं एकेक उलटं चित्र टाकतं, पण केसभर सरकवून. ती सगळी एकमेकांवर पडतात, साडीच्या लालवर आकाशाचा निळा, त्यावर विटकरी, आणि या बेरजेला आपण पांढरी भिंत म्हणतो. कॅमेऱ्यासारखंच भिंतीलाही वजाबाकी येत नाही. ती आधीच कोणीतरी करून द्यावी लागते, खिडकीला काळा कागद लावून आणि मे महिन्याचा उकाडा सोसून.

कागद तिने गुंडाळी करून कपाटावर ठेवला आहे. दिवाळीत पुन्हा लागेल, म्हणाली.