अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे जहाज

शके 1739च्या नवरात्रात पुण्यास दुसरे बाजीराव आपल्या कारकिर्दीतील अखेरच्या दसऱ्याच्या तयारीत गुंतलेले असता, 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीतून अमावास्येनंतरच्या उधाणावर एक नवी युद्धनौका पाण्यात उतरली. तिचे नाव 'ट्रिंकोमाली'. त्यानंतर महिन्याच्या आत खडकीची लढाई होऊन पेशवाईचा डाव मोडला. पुढे चाळीस वर्षांनी ज्या कंपनीने तो मोडला तिचाही कारभार आटोपला. परंतु जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी उस्तादाच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून घडविलेली ती नौका इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे, आणि तिच्या मूळ लाकडाचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत आहे. ब्रिटिशांच्या तरंगत्या युद्धनौकांत इतकी जुनी दुसरी नाही. ऐतिहासिक शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करू पाहणाऱ्या मराठी कारागिराने आपला पहिला यत्न कोणत्या जहाजावर करावा, असे मला कोणी विचारले, तर मी निःशंकपणे हिचेच नाव सांगेन. आणि त्याचे कारण अभिमान हे नसून दफ्तर हे आहे.

प्रतिकृतीचा आरंभ लाकडापासून होत नाही, तो कागदापासून होतो. ट्रिंकोमालीच्या कागदाची कुळकथा मोठी विलक्षण आहे. इंग्रजांनी 1782 साली 'एबे' नावाची एक फ्रेंच फ्रिगेट पकडून आणली. सानेसारख्या श्रेष्ठ फ्रेंच नौकाशिल्पकाराच्या हातची ती कृती इंग्रज अधिकाऱ्यांस इतकी पसंत पडली की, तिच्या रेषांवरून त्यांनी 1800 साली 'लीडा' ही नौका बांधली आणि तोच आराखडा बरहुकूम धरून पुढे बऱ्याच नौका काढल्या. शत्रूपासून उचललेला हा आराखडा मुंबईस 'जावा' या जहाजातून रवाना झाला. ते जहाज 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी झालेल्या झुंजीत पाडाव होऊन नष्ट झाले, व त्याबरोबर कागदही गेले. नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईस वाट पाहावी लागली. त्याच जावावर मुंबईच्या लष्करी अधिकारपदावर रुजू होण्यास निघालेले जनरल हिस्लॉपही होते. ते कैद होऊन वचनावर सुटले, आणि पाच वर्षांनी, डिसेंबर 1817 मध्ये, महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिले. एकाच जहाजातून निघालेले सेनापती आणि नकाशे असे वेगवेगळ्या वाटांनी अखेर मराठ्यांच्या इतिहासाला येऊन भिडले, ही गोष्ट आमच्या इतिहासग्रंथांत फारशी आढळत नाही.

आराखड्यात जहाज तीन अंगांनी काढलेले असते: बाजूने, वरून, आणि समोरून व पाठीमागून. तिसऱ्या अंगाचे चित्र पाहणारास प्रथम कांद्याच्या पाकळ्यांसारखे दिसते. मधल्या रेषेच्या एका बाजूस नाळेकडील, म्हणजे पुढच्या टोकाकडील, वाकांचे (फासळ्यांचे), दुसऱ्या बाजूस पिछाडीकडील वाकांचे वक्र एकात एक बसविलेले असतात, आणि या वक्रांतच जहाजाचा सगळा स्वभाव साठविलेला असतो. ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला सुमारे 150 फूट लांब आहे. एका फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे प्रमाण, इंग्रजी आरमारी नमुन्यांत फार जुन्या काळापासून रूढ आहे. ते धरले तर हा मजला साडेसदतीस इंचांचा होतो, आणि नाळेपुढील काठी, डोलकाठ्या व परबाणे जमेस धरता काचेची पेटी पाच फुटांची लागते. मुंबईच्या सदनिकांत राहणाऱ्यांनी म्हणूनच शहाण्णवाव्या हिश्शाकडे वळावे, हे व्यवहाराचे बोलणे झाले. परंतु अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात दहा इंचांची फळी पाच मिलिमीटरांची होते, ती बोटांत धरता येते. त्याहून लहान प्रमाणात हात काम करीत नाही, चिमटा करतो. शिवाय या प्रमाणात वाकाचा एक मिलिमीटर चुकला तर मूळ जहाजात ती चूक जवळजवळ दोन इंचांची असते, आणि अशा चार चुका एका ओळीने आल्या की फळी वाकांवर सरळ बसण्याऐवजी लाटेसारखी चढउतार करू लागते. म्हणून वाकांवर एक लवचीक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत टेकवून, जेथे उजेड दिसेल तेथे भर घालीत आणि जेथे टेकू लागेल तेथे घाशीत, सगळा सांगाडा एका प्रवाहात आणण्याचे काम सर्वांत अधिक वेळ खाते.

कागद हाती आला म्हणजे प्रश्न मिटले, असे मात्र होत नाही. उलट खरा प्रश्न तेव्हाच उभा राहतो. कोणत्या वर्षीची ट्रिंकोमाली करावयाची? 1819 मध्ये इंग्लंडास पोहोचल्यावर युद्धे संपलेली असल्यामुळे ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ बंदरात झाकून ठेवण्यात आली, आणि मग 1845 ते 1847 या अवधीत तिच्या पिछाडीचा आकार पालटून, मोजक्या परंतु अधिक जड तोफा चढवून, तिला कॉर्व्हेट म्हणून पुन्हा समुद्रावर धाडण्यात आले. 1817 सालची ट्रिंकोमाली मुख्य मजल्यावर 28 अठरा-पौंडी तोफा वाहणारी, सपाट पिछाडीची फ्रिगेट होती. जो कारागीर हार्टलपूलची छायाचित्रे समोर ठेवून पिछाडी करील आणि आराखड्यावरून नाळ करील, तो कोणत्याही दिवशी अस्तित्वात नसलेले जहाज तयार करील. दुकानांत विक्रीस असलेल्या बहुतेक 'ऐतिहासिक' जहाजांची हीच गत आहे. त्यांतील प्रत्येक अवयव अस्सल असतो आणि समग्र वस्तू बनावट असते.

आता लाकडाकडे यावे. सागवानाची थोरवी वाडियांच्या कारखान्यानेच जगास पटवून दिली. ओकच्या अंगातील आम्ल लोखंडाचे खिळे खाते, तर सागाच्या अंगचे तेल त्यांना राखते. या घराण्याचे लवजी नसरवानजी 1736च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले, 1750 साली तेथे आशियातील पहिली सुकी गोदी तयार झाली, आणि त्यांच्या वंशजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मिंडेन' (1810), 'कॉर्नवॉलिस' (1813), 'एशिया' (1824) अशी एकाहून एक भारी जहाजे तेथून पाण्यात ढकलली. लंडनच्या ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात जमशेटजींची तसबीर आहे, तीत त्यांच्या हाती परकार व जहाजाचा आराखडा दाखविला आहे. खड्गाऐवजी परकार घेऊन बसलेला पुरुष त्या काळच्या हिंदुस्थानी तसबिरींत विरळाच. ट्रिंकोमालीचे पठाण (तळाची मुख्य तुळई) घातले तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात रुप्याचा खिळा ठोकला होता.

आणि तरीही सागवानी नौकेची प्रतिकृती सागवानाची करता येत नाही. सागाची रेषा भरड आणि छिद्रे मोठी. मूळ जहाजात ती नजरेस येत नाहीत, पण फळी पाच मिलिमीटरांची झाली की तीच छिद्रे बोट शिरेल अशा भगदाडांसारखी दिसू लागतात, कारण जहाज अठ्ठेचाळीस पटींनी लहान होते, झाड होत नाही. युरोपातील कारागीर यासाठी नासपतीचे व बॉक्सवुडचे लाकूड वापरतात. आपल्याकडे हळदू आहे: पिवळसर, दाट आणि एकजीव रेषेचे, धारेखाली लोण्यासारखे कापले जाणारे, तरी टोक न सोडणारे. चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्याची होतात तो पांढऱ्या लाकडाचा काळा कुडाही आहे. परदेशी लाकूड मागविण्याची हौस मला समजते. पण तिची गरज नाही, आणि जकातीसह पडणारी किंमत पाहता तिचे समर्थनही होत नाही.

फळ्या चढविण्याच्या कामात नाळ ही परीक्षेची जागा. फ्रिगेटची नाळ पाण्याच्या रेषेपाशी गोलाईने भरलेली असते, तेथे वाकाचा घेर मधल्या घेराहून पुष्कळ कमी असल्यामुळे तितक्याच ओळी बसवावयाच्या तर प्रत्येक फळी टोकाशी निमुळती करावी लागते, तीही वाफेवर धरून दोन दिशांना एकदम वाकवावी लागते. फळी वाकाशी जोडण्यास मूळ जहाजात लाकडी खुंट्या असत, तशा येथेही करता येतात. बांबूची काडी चिरून, सोनार तार ओढण्यासाठी जी भोकाभोकांची पोलादी पट्टी वापरतो तिच्यातून ती क्रमाने लहान लहान भोकांतून ओढीत न्यावी. प्रत्येक ओढीस बाहेरचा कीस मागे राहतो आणि अखेर अर्ध्या मिलिमीटराची, उभ्या तंतूंची, न मोडणारी खुंटी हाती येते. टोक तिरकस कापून, सरसात बुडवून ती भोकात बसविली व वर आलेला भाग धारेने सपाट केला की हळदूच्या पिवळ्या अंगावर बांबूचा किंचित फिका ठिपका उमटतो. असे ठिपके हजारोंनी असतात. पण ते नीट ओळीत असतील तर डोळा त्यांना पाहतच नाही, आणि एक चुकला तर दुसरे काही पाहत नाही.

तळाला तांब्याचे पत्रे येतात. मूळ पत्रा चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद, म्हणजे प्रतिकृतीत एक इंच लांब व सव्वासात मिलिमीटरांहून थोडा रुंद होतो. परंतु जाडी त्याच हिशेबाने उतरवावयाची म्हटली तर ती एका मिलिमीटराच्या पन्नासाव्या भागाएवढी, कागदाहूनही पातळ, येते. येथे प्रमाणाचा कायदा शिथिल करावाच लागतो. खिळ्यांच्या माथ्यांचे उठाव जे कारागीर हौसेने ठोकतात, त्यांच्या जहाजाचा तळ पुरळ उठल्यासारखा दिसतो. अस्सल खिळ्यांचे माथे पत्र्याशी सपाट असत. ते न दाखविणे हेच त्यांचे यथार्थ दर्शन होय. दोरखंडांविषयी येथे एवढेच पुरे की, डोलकाठीला ताणून धरणारे दोर डांबराने काळे आणि शीड हलविणारे दोर तागाच्या रंगाचे असत, आणि बाजारी प्रतिकृतींत ते बहुधा एकाच पांढऱ्या रिळातील असतात.

ट्रिंकोमाली पुरी झाल्यावर मराठी कारागिराच्या मनात साहजिकच कान्होजी आंग्र्यांची गुराब, म्हणजे मराठ्यांच्या आरमारातील मोठे लढाऊ जहाज, येते. इच्छा रास्त आहे. साधने मात्र कोठे आहेत? आमच्या आरमाराचे पत्रव्यवहार आहेत, खर्चाचे तपशील आहेत. 1715च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गुराबा मध्यम बेताच्या असाव्यात असे बजावले आहे, आणि आरमारासाठी सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे पण रयतेच्या आंब्याफणसास हात लावू नये, असा बंदोबस्त सांगितला आहे; लाकूड कोणते, हे त्यावरून कळते, आकार कळत नाही. ज्या उस्तादांनी गुराबा बांधल्या त्यांचे नकाशे डोक्यात आणि दोरीच्या गाठींत असावेत, कागदावर ते उतरले नाहीत. आणि तुळाजी आंग्र्यांचा आरमारी तांडा फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली जळाला, तेव्हा मोजता येण्याजोगे नमुनेही गेले. उरते ते मुख्यतः परक्याचे वर्णन.

ते वर्णन ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचे, आणि ते जितके आहे तितके उत्तम आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, दोहोंची 150 टनांहून अधिक नसलेली. लांबीच्या मानाने रुंद, थोड्या पाण्यात चालणारी, मध्यापासून टोकांकडे निमुळती होत गेलेली. पुढे भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब चोच. समोरच्या लाटेत ती फार आपटत असल्यामुळे चोचीवरील मजल्यास कठडा नसे, म्हणजे वर आलेले पाणी अडथळ्यावाचून वाहून जाई. आणि चोचीमागच्या आडव्या भिंतीतील खिडक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा पुढच्या रोखाने चोचीवरून मारा करीत. ज्याने हे लिहिले त्याने, किंवा ज्याच्याकडून ऐकून लिहिले त्याने, गुराब जवळून पाहिली होती यात शंका नाही. परंतु पिछाडी कशी होती? तळाच्या वाकांचा वक्र कसा होता? सुकाण कोठून फिरवीत? याविषयी ऑर्म मुका आहे. आमच्या स्मारकांतून व दालनांतून ज्या गुराबा मांडलेल्या दिसतात त्यांची पिछाडी पुष्कळदा युरोपीय जहाजांवरून बेमालूम उचललेली असते, आणि पाटीवर मात्र 'मराठा आरमार' असे ठळक लिहिलेले असते.

सतराव्या शतकातील इंग्रजी आरमारी नमुन्यांत तळाच्या फळ्या मुद्दाम न चढविता वाक उघडे ठेवण्याची चाल होती. गुराबेस ती चाल वेगळ्या हेतूने लावावी, अशी माझी सूचना आहे. चोच, आडवी भिंत, दोन तोफखिडक्या, डोलकाठ्यांची संख्या आणि लांबी-रुंदीचा अंदाज एवढे ऑर्मच्या आधाराने करता येते. तेवढे हळदूत करावे आणि फळ्यांनी झाकावे. तळाचा आकार रत्नागिरी-मालवणकडील जुन्या धाटणीच्या मचव्यांचे व पडावांचे जे सांगाडे अजून मोजण्यास मिळतात त्यांवरून अनुमानाने बसवावा, आणि तो कुड्याच्या पांढऱ्या लाकडात करून उघडा ठेवावा. पिछाडीही पांढरीच राहील. पेशवे दफ्तरातील, विजयदुर्गचे आरमार सांभाळणाऱ्या धुळपांच्या हिशेबांत लाकडाच्या लांबी-जाडीच्या नोंदी कोणी चिकाटीने शोधून काढील, तर त्यांतील काही वाक पुढेमागे हळदूचे बसविता येतील. तूर्त अशा प्रतिकृतीत पिवळ्यापेक्षा पांढरेच अधिक दिसेल, आणि दालनांचे व्यवस्थापक ती घेण्यास खळखळ करतील, हे मला ठाऊक आहे.