गिटारीच्या दांडीतील पोलादी सळई

तारवाद्य म्हणजे एका अर्थी धनुष्यच होय. बांबूच्या कांबीच्या दोन टोकांस दोरी बांधून ती ताणली असता कांब वाकते, ही गोष्ट आपल्या सानगडीकडच्या कोणाही मुलास नव्याने सांगावी लागत नाही. ताणलेली दोरी आखूड होऊ पाहते व दोन्ही टोके एकमेकांकडे ओढते. कांबीचा ताठरपणा तिला पुरा पडत नाही, म्हणून कांब मधोमध बाक घेते. धनुष्यात हा बाक आपणांस हवा असतो. वाद्यात तो नको असतो, अथवा अगदी मोजून मापून हवा असतो. सतार, तंबोरा, वीणा व गिटार ह्या सर्व वाद्यांच्या कारागिरांपुढे हा एकच प्रश्न उभा राहिला आणि प्रत्येकाने त्याचे उत्तर आपापल्या परीने शोधले. गिटार करणाऱ्यांनी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई बसविली. तिलाच ट्रस रॉड असे म्हणतात.

ही सळई बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तिच्याविषयी गैरसमज फार. कोणी तिच्या अस्तित्वाची कल्पनाही नसल्याने दांडी वाकलेली पाहून चांगले वाद्य माळ्यावर टाकून देतो; तर कोणी, वाद्यात काहीही बिघडले तरी तिची चाकी पिळतो आणि अखेरीस ती तोडून ठेवतो. शहरात राहणाऱ्यास कारागीर जवळ असतो. आपल्यासारख्या खेडेगावातील विद्यार्थ्यास मात्र त्यासाठी नागपूरसारखे शहर गाठावे लागते, आणि दुरुस्तीच्या खर्चात जाण्यायेण्याचा खर्च मिळविला तर पुष्कळदा वाद्याची किंमत भरते. म्हणून सळई काय करते, तिचे प्रकार कोणते, आणि मुख्य म्हणजे ती काय करू शकत नाही, ह्याचा विचार येथे करू.

प्रथम आपल्या घरच्या वाद्यांकडे पाहू. सतारी व तंबोरे ह्यांसाठी महाराष्ट्रात मिरज हे नगर प्रसिद्ध आहे. तेथील शिकलगार मंडळींचा मूळ धंदा शस्त्रांस धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार ह्यांनी तंतुवाद्ये तयार करण्याची कला हस्तगत केली व ती पुढील पिढ्यांत वाढली. २०२४ साली मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा ह्या दोहोंस भौगोलिक मानांकनही मिळाले. लोखंडाचे मर्म जाणणाऱ्या घराण्यांत ही कला वाढली, तरीही त्यांच्या तंबोऱ्याच्या दांडीत लोखंडाची सळई नाही. ह्याचे कारण असे की तिची गरजच नाही. तंबोऱ्यास पडदे नसतात. तार मोकळीच छेडावयाची असते. दांडी केसभर वाकली तरी खुंटी पिळून स्वर पुन्हा जुळविता येतो. सतारीस पडदे असतात खरे, परंतु ते कमानदार असून दांडीपासून उंच उभे असतात व दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे मागेपुढे सरकविता येतात. शिवाय सतारीची दांडी चांगली रुंद व जाड असते. तेव्हा तेथे थोडासा बाक सहज खपून जातो.

गिटारीची गोष्ट निराळी. तिची दांडी डाव्या हाताच्या मुठीत मावली पाहिजे. खुंट्यांकडील टोकाशी तिची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटर व जाडी सुमारे २० मिलिमीटर इतकीच असते. दांडीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हा पदार्थविज्ञानातील नियम येथे ध्यानात घ्यावा. जाडी निम्मी केली तर ताठरपणा निम्मा न राहता अष्टमांश राहतो. म्हणजे हातास सोय करावी तो वाद्य दुबळे होते. त्यातच गिटारीचे पडदे धातूचे असून पट्टीत कायमचे ठोकलेले असतात, आणि तारा त्यांच्यावर अवघ्या दोन-तीन मिलिमीटर उंचीवर असतात. येथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटांस जाणवतो.

आता ओढ किती असते ते पाहू. पोलादी तारांची सहा तारांची गिटार नेहमीच्या स्वरात मिळविली असता सर्व तारांची मिळून ओढ सुमारे ७० ते ८० किलो वजनाएवढी भरते. एक धडधाकट मनुष्य दांडीच्या टोकास अहोरात्र लोंबकळत आहे असे समजा. नायलॉनच्या तारांची ओढ जवळजवळ ह्याच्या निम्मी असते. म्हणूनच स्पॅनिश पद्धतीच्या जुन्या धाटणीच्या गिटारीत, जिला पूर्वी आतड्याच्या व पुढे नायलॉनच्या तारा लावू लागले, बहुधा सळई नसते; तिची रुंद दांडी आपल्याच बळावर उभी राहते. पोलादी तारांचा प्रसार झाला तेव्हा मात्र लाकूड एकटे पुरे पडेना.

ह्यावर पहिला उपाय सुचला तो साधा, म्हणजे दांडीच्या पोटात अधिक ताठ वस्तू बसविण्याचा. अमेरिकेतील मार्टिन कंपनी पूर्वी शिसवीसारख्या काळ्या कठीण आबनुसाची पट्टी बसवीत असे. १९३४ साली तिने इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पोलादी पट्टी वापरावयास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात पोलाद दुर्मीळ झाले तेव्हा तिला पुन्हा आबनुसाकडे वळावे लागले, व १९६७ साली पोकळ चौकोनी पोलादी नळी आली. पोलाद हे सामान्य लाकडाहून पंधरा ते वीस पट ताठ असल्यामुळे अशा पट्टीने दांडीस पुष्कळ बळ येते. परंतु ही पट्टी मुकी आहे. कालांतराने दांडी वाकलीच तर तिला काही सांगता येत नाही. घराच्या कवेलूंच्या ओझ्याखाली वासा खचला म्हणजे वासाच बदलावा लागतो, तशातला तो प्रकार.

दुसरा उपाय अधिक चतुराईचा. तो गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू ह्या गृहस्थाने काढला. १९२१ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला व १९२३ साली त्यास ते मिळाले. त्यातील तत्त्व मूळचे इमारतीच्या व रेल्वेच्या कामातील आहे. पत्र्याच्या मोठ्या छपराखाली ज्या कैच्या असतात त्यांसच इंग्रजीत ट्रस म्हणतात. अमेरिकेतील जुन्या लाकडी रेल्वेडब्यांच्या तळाखालीही लोखंडी सळया ताणून बसवीत व डबा मध्ये झोळ खाऊ लागला म्हणजे त्या आवळीत. दांडीतील सळईचे कामही तसेच. तिचे एक टोक लाकडात पक्के अडकविलेले असते. दुसऱ्या टोकास आटे पाडून त्यावर चाकी बसविलेली असते. जिच्यात सळई बसते ती खाच दांडीच्या मध्यभागी पाठीकडे खोल जाते व दोन्ही टोकांशी वर येते. चाकी आवळली म्हणजे वाकडी सळई सरळ होऊ पाहते आणि सरळ होताना दांडीचा मधला भाग तारांच्या दिशेने उचलते. आपल्या धनुष्याच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर एकाच दांडीवर दोन धनुष्ये चढविलेली आहेत. पुढच्या बाजूने तारा दांडी आपल्याकडे वाकवितात, मागच्या बाजूने सळई तिला उलट वाकविते. आणि ह्या दोन ओढींच्या तोलावर दांडी उभी असते. १९५० नंतर फेंडर कंपनीने केलेल्या गिटारींत ही खाच पाठीमागून पाडून ती अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवीत. ती काळसर रेघ दांडीच्या पाठीवर स्पष्ट दिसते.

ह्या एकेरी सळईत दोन उणिवा आहेत. पहिली ही की तिचा सर्व भार लाकडावर येतो. चाकी जितकी आवळावी तितके लाकूड दोन्ही टोकांकडून चेपले जाते. दुसरी ही की ती एकाच दिशेने काम करते. तारांनी पुढे वाकविलेली दांडी ती मागे आणू शकते. परंतु दांडी मूळचीच मागे वाकली असेल तर ती चाकी सैल करून स्वस्थ बसण्यापलीकडे तिच्या हाती काही नाही.

म्हणून पुढे जोडसळई निघाली. विज्ञानाच्या वर्गात पितळ व लोखंड ह्यांची जोडपट्टी तापवून दाखवितात, ती आठवावी. पितळ अधिक लांबते, लोखंड कमी लांबते, आणि दोन्ही एकमेकांस जखडलेली असल्यामुळे पट्टी वाकते. जोडसळईत हेच काम उष्णतेऐवजी आटे करितात. एकावर एक अशा दोन सळया, अथवा एक सळई व एक चपटी पट्टी, टोकांशी ठोकळ्यांत एकत्र बसविलेल्या असतात. एकीची लांबी आट्यांनी कमीजास्त केली की ती जोडी आपोआप वाकते आणि दांडीस आपल्याबरोबर नेते. लाकूड चेपले जात नाही व खाचही सरळ पाडता येते. ह्या जोडसळईतही दोन जाती आहेत. एक जात एकाच बाजूस वाकते. दुसरीत सळईच्या एका टोकास उजवे व दुसऱ्या टोकास डावे आटे असतात. त्यामुळे चाकी एका बाजूस फिरविली असता दोन ठोकळे जवळ येतात व उलट फिरविली असता दूर जातात. ही दुहेरी जात दांडीस पुढे व मागे, दोन्हीकडे वाकवू शकते. आज पुष्कळ नव्या गिटारींत हीच असते. जी मार्टिन कंपनी दीर्घकाळ मुक्या पट्टीवर विसंबून राहिली, तिनेही १९८५ साली फिरविता येणारी सळई स्वीकारली.

येथे एक शंका येईल. सळईने दांडी अगदी सरळ करावयाची काय? नाही. छेडलेली तार मधोमध सर्वांत अधिक झोके घेते. दांडी पट्टीसारखी सरळ असेल तर झोका घेताना तार पडद्यांवर आपटून खरखर करील. म्हणून मधल्या भागी अत्यल्प खोलगट ठेवावा लागतो. तो मोजण्यास वेगळे हत्यार नको. ताणलेली तार हीच उत्तम सरळ पट्टी होय. वाद्य नीट स्वरात मिळवावे, जाडी तार पहिल्या पडद्यावर एका हाताने दाबावी, जेथे दांडी पोटास मिळते तेथील पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबावी, आणि सहाव्या-सातव्या पडद्याशी तार व पडदा ह्यांमधील फट पाहावी. ती साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जाडशा भेटीच्या कार्डाएवढी असावी. फट मुळीच नसेल तर दांडी मागे गेली आहे. कार्डावर कार्ड घालूनही ती भरत नसेल तर दांडी पुढे आली आहे.

आता सळई जे करू शकत नाही ते सांगतो. सर्वांत अधिक नुकसान ह्याच्याच अज्ञानाने होते. तारा उंच वाटल्या की सळई पिळावी, ही समजूत चुकीची आहे. तारांची उंची तीन ठिकाणी ठरते: खुंट्यांजवळील खाचांच्या पट्टीशी, दांडीच्या बाकात, आणि घोडीशी. सळईचा अधिकार फक्त मधल्यावर चालतो. आपल्या भागात उन्हाळा कडक व कोरडा, आणि पाठोपाठ पावसाळा अतिशय दमट असतो. पावसाळ्यात गिटारीच्या पोटाची पातळ फळी ओलावा शोषून फुगते व घोडी वर उचलली जाते. त्यामुळे तारा उंच होतात. दांडीचा त्यात अपराध नसतो. तसेच दांडी व पोट ह्यांचा सांधा निसटला असेल, घोडीचा डिंक सुटला असेल, अथवा दांडीस पीळ पडला असेल, तर सळई तेथे निरुपयोगी आहे. म्हणून आधी फट मोजावी, मगच किल्लीस हात लावावा.

चाकी बहुधा दोनपैकी एका ठिकाणी सापडते: खुंट्यांच्या बाजूस लहानशा झाकणाखाली, किंवा पोटाच्या भोकातून आत पाहिले असता दांडीच्या मुळाशी. तिच्या खाचेत अचूक बसणारी किल्लीच वापरावी. सैल किल्लीने खाचेच्या कडा झिजतात व मग चाकी कोणाच्याच हाती लागत नाही. चाकीसमोर तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास सळई आवळते व फट कमी होते. उलट फिरविल्यास फट वाढते. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. प्रत्येक वेळी तारा पुन्हा मिळवाव्या, लाकडास स्थिरावण्यास काही तास द्यावे, व फट पुन्हा मोजावी. एकेरी सळई सैल झाली म्हणजे चाकी नुसती मोकळी फिरते. दुहेरी सळईत मात्र मोकळी जागा ओलांडल्यावर चाकी उलट बाजूस पुन्हा आवळू लागते. ह्यावरून आपली सळई कोणत्या जातीची हे कळते. चाकी जड लागली, करकरली, किंवा फिरवूनही फट हालली नाही, तर तेथेच थांबावे. तुटलेली सळई बदलण्यासाठी पुष्कळदा पडद्यांची सबंध पट्टी उखडावी लागते, आणि ते काम कुशल कारागिराचेच आहे.

ज्यांच्याजवळ गिटार असेल त्यांनी एका वहीत वैशाख, श्रावण व मार्गशीर्ष ह्या तीन महिन्यांत ही फट मोजून टिपून ठेवावी, असे मी सुचवितो. दोन वर्षांच्या टिपणांवरून आपल्या वाद्याचा स्वभाव आपणांस कळू लागेल. कोणता बदल ऋतूबरोबर येतो व जातो आणि कोणता खरोखर दोष आहे, हे ओळखता येईल. मग जे ऋतूचे आहे त्यासाठी किल्ली उचलावी लागणार नाही, आणि जे दोषाचे आहे त्यासाठी पाव फेरा बहुधा पुरेल.