सरपण फोडताना : अवजार पारखा, हातपाय राखा



पाडवा झाला की सरपणाची तयारी सुरू होते. बांधावर तोडून टाकलेली बाभूळ आता फोडून ठेवली, तर मृगाच्या पावसाआधी खडखडीत वाळते. ओल्या लाकडाची बरीचशी आग पाणी आटवण्यातच जाते आणि धूर चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जातो. सालीतून ओल लवकर निघत नाही. म्हणून आधी फोडा, मग वाळवा.

अवजार कोणतं? झाड तोडायची कुऱ्हाड पातळ असते. तिनं उभा ओंडका फोडायला गेलं तर पातं रुतून बसतं. फोडायला धारेच्या मागं जाड होत गेलेली, वजनदार कुऱ्हाड हवी. ती लाकूड दोन्ही बाजूंना रेटते. मोठ्या किंवा गाठीच्या बुंध्याला लोखंडी पाचर आणि घण घ्या. पाचर कुऱ्हाडीच्या माथ्यानं ठोकू नका, नेढं फाकतं. ठोकून ठोकून पाचरीच्या माथ्याच्या कडा पसरल्या असतील, तर त्या घासून घ्या. नाहीतर कपचा उडून डोळा जायचा.

दांड्याकडे लक्ष द्या. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणतात, पण सैल दांडा धन्यालाच काळ! दांडा हलू लागला की आपण कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, दांडा घट्ट वाटतो. पण वाळला की तो पुन्हा सैल होतो आणि पातं निसटून समोरच्याला लागतं. त्यापेक्षा नेढ्यात पाचर मारून दांडा पक्का करा. तडकलेला असेल तर बदलाच. धावड्याचा, सरळ रेषांचा, बिनगाठीचा दांडा चांगला.

फोडताना एवढं पाळा :

१. ओंडका जमिनीवर नको, रुंद ठोकळ्यावर उभा करा. चुकलेला घाव ठोकळ्यात जाईल, पायात नाही.

२. पाय फाकवून उभे राहा. जाड चपला किंवा बूट घाला.

३. आधीच्या भेगेवर घाव घाला, गाठ टाळा. मोठा ओंडका कडेकडून फोडत या.

४. पोरंबाळं, जनावरं लांब ठेवा. ओंडका दुसऱ्याला हातानं धरायला लावू नका.

५. फोडलेलं सरपण दगडांवर, वारा खेळेल असं रचा. काढताना विंचूकाट्याचं भान ठेवा.

घाई करू नका. सरपण उद्याही फुटेल, पण गेलेलं बोट परत येत नाही.